दोन सशांची सोयरीक

ससा म्हटला की आपल्यापुढे उभा राहतो तो भित्रा प्राणी. अंगावर पान पडले तरी आभाळ कोसळले म्हणून धूम ठोकणारा! एखाद्याची दमछाक होईपर्यंत पळापळ झाली, तर 'त्याची ससेहोलपट झाली' असे आपण म्हणतो. असा हा गरीब जीव दुसऱ्या सशावर झडप घालील, त्याचे केस उपटील, कान फाडील, असे कोणी सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल का?

पण ते खरे आहे. साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या एखाद्या घरी एक ससा असतो. तो एकटा पडतो, म्हणून मंडळी बाजारातून दुसरा आणतात आणि कौतुकाने पहिल्याच्या पिंजऱ्यात सोडतात. दोघे क्षणभर एकमेकांना हुंगतात आणि मग एकच धुमश्चक्री उडते. पिंजऱ्यात पांढऱ्या केसांचे पुंजके उडू लागतात. सशाची कातडी पातळ असते. त्याच्या दातांनी झालेली जखम वरून बारीक दिसली, तरी आत घट्ट पू धरते. कधी कधी एखादा ससा प्राणासही मुकतो.

मग सशाला सोबती नकोच असतो का? तसेही नाही. ओळख नीट झाली, तर हेच दोन ससे अंगाला अंग लावून झोपतात आणि एकमेकांचे तोंड चाटून स्वच्छ करतात. मग बिघडते कोठे? हे समजण्यासाठी आधी आपला पाळीव ससा मुळात कोण, ते पाहिले पाहिजे.

रानातला ससा आणि घरातला ससा

माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील माळरानांवर संध्याकाळी करड्या-तपकिरी रंगाचा ससा दिसतो. त्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस. तुमच्या पिंजऱ्यातील ससा मात्र ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या जातीचा आहे. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, परंतु ते एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, तर पाळीव सशाच्या पेशीत ४४. त्यामुळे त्यांचा संकर होत नाही.

त्यांच्या राहणीतला फरक तर फारच महत्त्वाचा आहे. रानससा बीळ खोदत नाही. गवतात एखादा उथळ खळगा करून तो दिवसभर त्यात दबून बसतो, आणि बहुधा एकटाच राहतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात व त्यांचे डोळे उघडे असतात. पाळीव सशाचे पूर्वज मूळचे स्पेन व पोर्तुगाल या देशांतले. ते जमिनीखाली लांबलचक बिळे खोदून टोळीने राहत. त्यांची पिल्ले जन्मतः उघडी असतात आणि त्यांचे डोळे सुमारे दहा दिवसांनी उघडतात.

येथे जाता जाता एक सूचना. शेतात रानसशाचे एकटे पिल्लू दिसले, तर ते अनाथ समजून घरी आणू नका. त्याची आई दिवसा मुद्दामच दूर राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याने रानसशाला संरक्षण आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा ठरतो.

तेव्हा आपला विषय आहे तो बिळात राहणाऱ्या, टोळीने जगणाऱ्या सशाचा. त्याला सोबत हवी असते, पण ती आपल्या टोळीतल्याची!

बिळातले राज्य

सशांच्या टोळीचा बारकाईने अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. त्याचे कारणही तसेच होते. १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने इंग्लंडहून आणलेले २४ ससे व्हिक्टोरिया प्रांतातील आपल्या जमिनीवर सोडले. पुढे सशांनी त्या खंडाचा बराचसा भाग व्यापून टाकला आणि शेतकऱ्यांच्या नाकी नऊ आणले. हा शत्रू कसा जगतो ते कळावे, म्हणून तेथील सी.एस.आय.आर.ओ. या संशोधन संस्थेतील रोमन मिकिटोविच या शास्त्रज्ञाने सशांच्या वागणुकीचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले.

त्याला काय दिसले? प्रत्येक टोळीची स्वतःची हद्द असते. टोळीत नरांची एक उतरंड असते व माद्यांची एक. सशाच्या हनुवटीखाली बारीक ग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारा द्रव तो दगड, काटक्या, बिळाचे तोंड यांना घासून लावतो. आपल्याला त्याचा वासही येत नाही, पण सशांच्या दृष्टीने ती घरावरची नावाची पाटीच! उतरंडीत वर असलेल्या नराची ही ग्रंथी मोठी असते आणि तो पाट्याही जास्त लावतो. टोळीतल्या सशांच्या अंगाला एकमेकांचा वास लागलेला असतो. ज्याच्या अंगाला हा वास नाही, तो परका; आणि परक्याला हद्दीत थारा नाही.

आता पहिल्या प्रसंगाकडे पुन्हा पाहा. पिंजऱ्याच्या प्रत्येक गजावर, पाण्याच्या भांड्यावर, खोक्याच्या कडेवर पहिल्या सशाची 'पाटी' आहे. तेथे तुम्ही भलत्याच वासाचा ससा आणून सोडलात. तुमच्या मते तो पाहुणा. पहिल्या सशाच्या मते दरोडेखोर! आणि पिंजरा बंद असल्यामुळे पाहुण्याला पळायलाही वाट नाही. रानात अशी झटापट काही क्षणांत संपते, कारण हरलेला पळून जातो. पिंजऱ्यात ती संपतच नाही.

वासाची भाषा

सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. फक्त नाकाच्या अगदी पुढचा थोडा भाग दिसत नाही. म्हणजे जवळ आलेला सोबती त्याला दिसतो कमी आणि नाकाने कळतो अधिक. या नाकावर सशाचे आयुष्य जन्मापासून अवलंबून असते. आई दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटेच पाजते. तेवढ्या वेळात डोळे मिटलेल्या पिल्लाला स्तन सापडतो कसा? २००३ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी याचे उत्तर दिले. सशिणीच्या दुधात एक ठरावीक गंधरेणू असतो आणि त्याच्या वासासरशी पिल्लू तोंड पुढे करून शोधू लागते.

आता थोडे भौतिकशास्त्र. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो, त्याला विसरण म्हणतात. वासाचे रेणू हवेच्या रेणूंवर आपटत, वेडेवाकडे फिरत पुढे सरकतात. हवा अगदी स्थिर असेल, तर दुप्पट अंतर जायला त्यांना चौपट वेळ लागतो आणि दसपट अंतराला शंभरपट. त्यातून हनुवटीच्या स्रावासारखा चिकट पदार्थ हळूहळू उडतो. म्हणून त्याची खूण दीर्घकाळ टिकते, पण ती 'वाचण्यासाठी' नाक वस्तूजवळच न्यावे लागते. यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. दोन पिंजरे घराच्या दोन टोकांना ठेवले, तर महिनाभरातही सशांची खरी ओळख होणार नाही. उलट एकाच्या अंगावर घासलेला फडक्याचा तुकडा दुसऱ्याच्या नाकाशी नेला, तर ती लगेच सुरू होते.

आपल्या सोयरिकीचे सारे मर्म येथे आहे. दोन सशांचे मन जुळवायचे म्हणजे दोन वास एकमेकांच्या सवयीचे करायचे, आणि तेही अशा जागी की जी दोघांपैकी कोणाचीच नाही.

आधी पशुवैद्यक, मग सोयरीक

सोयरिकीपूर्वी दोघांपैकी नर कोण व मादी कोण, हे पशुवैद्यकाकडून पाहून घ्या. लहान पिल्लांत हे ओळखणे अवघड असते आणि विकणाऱ्याचीही चूक होते. याचे महत्त्व एका साध्या गणिताने पटेल. सशिणीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो आणि व्याल्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. एका वेताला सहा पिल्ले धरा. १ जानेवारीला जोडी एकत्र ठेवली, तर १ फेब्रुवारीला सहा, ४ मार्चला आणखी सहा आणि ४ एप्रिलला आणखी सहा पिल्ले होऊ शकतात. म्हणजे तीन महिन्यांत दोनाचे वीस! जास्तीचे ससे माळावर सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पिंजऱ्यात वाढलेला ससा कुत्र्यांच्या आणि कोल्ह्या-खोकडांच्या तोंडी जातो. आणि परका प्राणी रानात सोडल्यास काय होऊ शकते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिलेच आहे.

म्हणून नराची नसबंदी करून घेणे चांगले. मादीचीही शस्त्रक्रिया केल्यास तिचा आक्रमकपणा उतरतो आणि उतारवयात सशिणींना वारंवार होणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो. नसबंदीनंतर चार ते सहा आठवडे थांबले पाहिजे. कारण त्या काळात नरापासून गर्भ राहण्याचा संभव असतो आणि हद्दीसाठी भांडायला लावणारी संप्रेरकेही हळूहळूच ओसरतात. सशांना भूल देणे नाजूक काम आहे. तेव्हा सशांवर शस्त्रक्रियेचा अनुभव असलेलाच पशुवैद्यक शोधावा. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शिक्षकांनी तेथील जाणकारांचा किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा.

जोडी कोणती जुळते? शस्त्रक्रिया झालेला नर व शस्त्रक्रिया झालेली मादी ही बहुधा सर्वांत सोपी जोडी. शस्त्रक्रिया न झालेले दोन नर एकत्र ठेवणे सर्वांत धोक्याचे. एकाच वेताची दोन भावंडे गुण्यागोविंदाने राहतात म्हणून निर्धास्त होऊ नका. तीन-चार महिन्यांची झाली, वयात आली, की तीही एके दिवशी अचानक भांडू लागतात.

ओळखीच्या पाच पायऱ्या

पहिली पायरी : शेजार. दोन पिंजरे शेजारी ठेवा, पण चिकटवून नव्हे. जाळीतून नाक किंवा पाय चावता येऊ नये, म्हणून मध्ये चार बोटांचे अंतर असू द्या. प्रत्येकाचे भांडे वेगळे आणि लपायला एक खोके. खोक्याला दोन तोंडे हवीत. एकच तोंड असेल, तर आत सापडलेला ससा कोंडीत सापडल्यासारखा उलटून चावतो.

दुसरी पायरी : वासाची देवाणघेवाण. एकाच्या खालचे फडके किंवा गवत रोज दुसऱ्याकडे टाका. काही दिवसांनी ससेच पिंजरे बदलून ठेवा. सुरुवातीला ते पाय आपटतील, नवीन वासावर आपली हनुवटी घासतील. हळूहळू ते त्या वासाकडे दुर्लक्ष करू लागतील. हे दुर्लक्ष म्हणजे प्रगतीच!

तिसरी पायरी : जाळीआडची पंगत. जाळीच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर हिरवे गवत ठेवा आणि रोज ते जरा जवळ सरकवा. दोघे शेजारी-शेजारी निवांत खाऊ लागले, की पुढे जायला हरकत नाही.

चौथी पायरी : तिसरीच जागा. जेथे दोघांपैकी एकानेही कधी पाऊल टाकलेले नाही, अशी लहान जागा निवडा. कोरडे न्हाणीघर चांगले. फरशीवर पाय घसरले की ससा घाबरतो, म्हणून गोणपाट अंथरा. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत. घरातले मोठे माणूस हजर हवे. हातात जाड हातमोजे असावेत आणि जवळ एखादा झाडू किंवा पुठ्ठा ठेवावा. भांडण जुंपले तर तो मध्ये घालावा. उघडा हात कधीही घालू नये.

या वेळी काय दिसेल? एकाने दुसऱ्याच्या मागे थोडे पळणे, पाठीवर चढणे, एखादी चिमूट केस तोंडात धरणे, हे उतरंड ठरवण्याचे व्यवहार आहेत. थोडा वेळ चालू द्यावेत. मात्र तोंडाच्या बाजूने चढू लागल्यास लगेच खाली उतरवावे, कारण खालचा ससा नाजूक जागी चावू शकतो. दोन्ही कान मागे चपटे, शेपटी ताठ, अंग ताणलेले, ही हल्ल्याची पूर्वसूचना. दोघे एकमेकांना धरून गरगर फिरू लागले, की त्याच क्षणी वेगळे करा आणि दोन-तीन दिवस मागच्या पायरीवर या. याउलट एकाने अंग धुणे, गवत खाणे, पाय पसरून पडणे, किंवा डोके खाली घालून 'मला चाट' अशी विनंती करणे, ही शुभचिन्हे होत.

पाचवी पायरी : एक घर. वेळ रोज वाढवत न्या. बरेच तास, कोणी न टोकता, दोघे शांत राहू लागले म्हणजे मोठा पिंजरा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने स्वच्छ धुवा, सामान निराळ्या जागी मांडा आणि दोघांना एकाच वेळी आत सोडा. जुन्या पाट्या पुसल्या. आता नव्या पाट्या दोघे मिळून लावतील.

यास किती दिवस लागतात? कोणाला एक आठवडा, कोणाला दोन-तीन महिने. काही जोड्या जुळतच नाहीत. त्यांना शेजारी-शेजारी वेगळे ठेवणे हेच शहाणपणाचे. जोडी जुळल्यावरही एक पथ्य पाळा. एकाला दवाखान्यात न्यायचे असेल, तर दुसऱ्यालाही बरोबर न्या. नाहीतर औषधांचा वास घेऊन परतलेला सोबती पुन्हा परका ठरतो!

काही लोक दोन्ही ससे टोपलीत घालून गाडीवरून फिरवतात. धक्क्यांनी घाबरून ते एकमेकांना बिलगतात आणि लोकांना वाटते, मैत्री झाली. पण भीतीने जवळ येणे वेगळे आणि विश्वासाने जवळ येणे वेगळे.

उन्हाळा आणि सशाचे कान

सोयरिकीचा मुहूर्तही पाहावा लागतो. पंचांगात नव्हे, तापमापकात! सांगली-साताऱ्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. सशाला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जादा उष्णता तो मुख्यतः लांब कानांतल्या रक्तवाहिन्यांमधून हवेत सोडतो. वस्तू थंड होण्याचा वेग हा वस्तू आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. कान ३९ अंश आणि हवा १९ अंश असेल, तर फरक २० अंशांचा. हवा ३४ अंशांवर गेली, की फरक उरतो ५ अंशांचा. म्हणजे थंड होण्याचा वेग एक-चतुर्थांश! हवा ३९ अंश झाली, तर कान असून नसल्यासारखे.

अशा वेळी पळापळ व भांडण यांचा ताण जिवावर बेतू शकतो. म्हणून ओळख करून देण्याचे काम हिवाळ्यात करावे. उन्हाळ्यात दोन्ही सशांना सावलीत ठेवावे आणि पिंजऱ्याभोवती ओले गोणपाट टांगावे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने गोणपाटातून येणारी हवा गार होते. माण किंवा जतसारख्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. ससा धापा टाकू लागला, तोंडातून लाळ गळू लागली, तर कान साध्या गार पाण्याने ओले करून त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

खाण्याकडेही या दिवसांत लक्ष हवे. सुके गवत हे सशाचे मुख्य अन्न. हरळी चालते, पण ज्वारीचे कोवळे पोंगे कधीही घालू नका. त्यांत हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते, आणि त्याने गुरेही दगावतात हे शेतकऱ्यांना ठाऊक असते. ओळखीच्या ताणामुळे एखाद्या सशाने दिवसभर तोंडात काही घेतले नाही किंवा लेंड्या टाकणे बंद केले, तर उद्याची वाट पाहू नका. सशाचे आतडे थांबणे ही तातडीची बाब असते.

तुमची निरीक्षणवही

तुमच्या किंवा तुमच्या मित्राच्या घरी दोन ससे असतील, तर ही ओळख म्हणजे एक सुंदर प्रयोग होईल. केवळ प्रयोगासाठी मात्र ससे विकत आणू नका. ससा आठ-दहा वर्षे जगू शकतो, आणि प्रयोग संपला म्हणून तो संपत नाही.

चौथ्या पायरीपासून रोज एकाच वेळी दहा मिनिटे निरीक्षण करा. फरशीच्या एका बाजूची लांबी मोजून ठेवा आणि गोणपाटावर तेवढ्याच अंतराने खडूच्या रेघा आखा. झाला तुमचा आलेखाचा कागद! दर मिनिटाला दोन सशांच्या नाकांमधील अंतर चौकटी मोजून लिहा आणि दहा अंतरांची सरासरी काढा. आडव्या अक्षावर दिवस व उभ्या अक्षावर सरासरी अंतर घेऊन आलेख काढा. रेषा सरळ खाली उतरणार नाही. ती वर-खाली होईल. ज्या दिवशी ती एकदम वर गेली, त्या दिवशी काय घडले? फटाके वाजले? पाहुणे आले? कोणी कुत्र्याला हात लावून सशांना धरले?

अंतराशेजारी आणखी एक रकाना ठेवा. त्यात खाणे, अंग चाटणे, पाय पसरून पडणे यांची नोंद करा. कारण अंतर कमी होणे म्हणजे मैत्री, असे थेट म्हणता येणार नाही. टोपलीतले घाबरलेले ससेही एकमेकांना चिकटूनच बसलेले असतात. अंतर कमी झाले आणि त्याबरोबर हे निवांतपणाचे व्यवहारही वाढले, तरच तुमचा निष्कर्ष पक्का. मोजलेली राशी आणि तिचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगशाळेत शिकायला पुष्कळ दिवस लागतात. तुमचे दोन ससे ते महिनाभरात शिकवतील.